संदेशयंत्रांचा भार : स्वतंत्र ॲप की ब्राउझर?

कचेरीतील कामकाजाचा जो भाग पूर्वी आवक-जावक नोंदवही, टिपणी आणि तोंडी निरोप यांतून चालत असे, त्याचा मोठा हिस्सा गेल्या दहा-बारा वर्षांत संगणकाच्या पडद्यावरील संदेशांच्या रकान्यात येऊन स्थिरावला आहे. हा रकाना स्वतंत्र ॲप म्हणून संगणकात बसवून घ्यावा की ब्राउझरच्या एका टॅबमध्ये उघडा ठेवावा, हा प्रश्न प्रथमदर्शनी आवडीनिवडीचा वाटतो. परंतु ज्यांचा संगणक जुना, रॅम तुटपुंजी आणि इंटरनेट बेभरवशाचे, त्यांच्यासाठी दिवसाचे काम वेळेत उरकणार की नाही हे बऱ्याच अंशी या निवडीवरच ठरते. या विषयावरील चर्चा बहुधा ज्यांच्या हाती नवे आणि भरभक्कम संगणक आहेत अशांकडूनच झालेली असल्यामुळे, आसनगावसारख्या ठिकाणाहून तिच्याकडे पाहिले असता काय दिसते, याचा आढावा घेणे मला अगत्याचे वाटते.

मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावरील आसनगाव हे शहापूर तालुक्याचे प्रमुख स्थानक. येथील संदेशयंत्रे वापरणारांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग, पहाटेच्या लोकलने ठाणे-मुंबईच्या कचेऱ्यांत जाणाऱ्या आणि कंपनीने दिलेला लॅपटॉप घरी आणणाऱ्या नोकरदारांचा. त्यांच्या संगणकांत मायक्रोसॉफ्टचे टीम्स किंवा स्लॅक असते. दुसरा वर्ग, मुंबई-नाशिक महामार्गालगत पडघा-वाशिंद पट्ट्यात वाढलेल्या गोदामांतील आणि मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतील कारकून, सुपरवायझर व हिशेबनीस यांचा. जून २०२५मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून या पट्ट्यातील मालाच्या वाहतुकीला नवे वळण मिळाले असून, गाडी कोठवर आली, पावती कोणाकडे आहे, माल कोणत्या फलाटावर उतरवायचा, हे सारे व्यवहार मुख्यतः व्हॉट्सॲपवरच चालतात. तिसरा वर्ग शाळा, ग्रामपंचायती, तहसील कचेरी आणि सेवा केंद्रे यांतील कर्मचाऱ्यांचा. राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राने सरकारी उपयोगासाठी 'संदेस' नावाची स्वतंत्र सोय २०२१मध्ये उपलब्ध केली असली, तरी गावपातळीवरील प्रत्यक्ष व्यवहार व्हॉट्सॲपच्या गटांतूनच होतो. शाळांच्या केंद्रप्रमुखांनी गटावर टाकलेला एक्सेलचा तक्ता मोबाईलवर वाचता येतो, पण भरून परत पाठविण्यासाठी संगणकावरच बसावे लागते. आणि त्या क्षणी मुख्याध्यापकासमोर हाच प्रश्न उभा राहतो, की ॲप उघडावे की ब्राउझर.

या प्रश्नाचा इतिहास थोडक्यात पाहिला म्हणजे आजच्या स्थितीची संगती लागते. १९८८मध्ये फिनलंडमध्ये जन्मलेल्या आयआरसीपासून १९९६च्या आयसीक्यूपर्यंत, आणि पुढे आपल्याकडे घरोघरी परिचित झालेल्या याहू मेसेंजरपर्यंत, संदेशाचे साधन म्हणजे संगणकात बसवायचा एक लहानसा प्रोग्राम, हेच समीकरण होते. अनेक सायबर कॅफेत मात्र असे प्रोग्राम बसविण्याची परवानगी नसे. त्यामुळे २००५मध्ये आलेले मीबो आणि फेब्रुवारी २००६मध्ये जीमेलच्या पानातच आलेली गप्पांची सोय यांनी मोठे काम केले: काहीही न बसवता, कोणत्याही संगणकावर, केवळ ब्राउझरच्या बळावर संभाषण होऊ शकते, हे लक्षावधी लोकांच्या प्रत्ययास आले. डिसेंबर २०११मध्ये वेबसॉकेट या पद्धतीचे प्रमाणीकरण झाले आणि सर्व्हरशी जोडणी सतत उघडी ठेवून संदेश तत्काळ पोहोचविणे ब्राउझरला सुलभ झाले. जानेवारी २०१५मध्ये व्हॉट्सॲप वेब आले ते याच परंपरेत.

यानंतर खरे तर स्वतंत्र ॲपची गरज ओसरावयास हवी होती. पण घडले ते निराळेच. गिटहब या संस्थेत चेंग झाओ यांनी 'ॲटम शेल' नावाने सुरू केलेली आणि २०१५मध्ये 'इलेक्ट्रॉन' असे नामकरण झालेली एक चौकट प्रचारात आली. क्रोमियम ब्राउझर आणि नोड डॉट जेएस यांची सांगड घालून तिने वेबच्या पानालाच स्वतंत्र ॲपचे रूप दिले. एकदाच लिहिलेला प्रोग्राम विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही प्रणालींवर चालू लागला, आणि तीन स्वतंत्र पथके पोसण्याचा कंपन्यांचा खर्च वाचला. फेब्रुवारी २०१४मध्ये सर्वांसाठी खुले झालेले स्लॅक, मार्च २०१७मध्ये जगभर उपलब्ध झालेले टीम्स आणि २०१६मधील व्हॉट्सॲपचे संगणकासाठीचे ॲप, या तिघांनीही हाच मार्ग पत्करला. म्हणजे आज ज्याला आपण ब्राउझरला पर्याय समजून बसवितो ते ॲप बहुतेक वेळा स्वतःच एक संपूर्ण ब्राउझर असते; आणि दोन्ही पर्यायांत संदेश दाखविणारे यंत्र मूलतः एकच असल्यामुळे, त्यांतील वेगाची तुलना ही दोन भिन्न यंत्रांची तुलना उरतच नाही. एकच यंत्र किती प्रतींत चालवावे आणि त्या प्रतींचा भार कोणाच्या माथी पडावा, एवढाच मुद्दा शिल्लक राहतो.

हा भार प्रत्यक्ष पाहावयाचा असेल तर विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून संदेशाच्या ॲपच्या नावाच्या डावीकडील लहान बाणावर टिचकी मारावी. एका नावाखाली पाच-सहा, कधी त्याहून अधिक ओळी उलगडतात: एक मुख्य प्रक्रिया, एक चित्रांकनाची, एक नेटवर्कची, आणि प्रत्यक्ष पान रेखाटणारी एक किंवा अनेक. क्रोम ब्राउझरमध्ये शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की त्याचीही अशीच यादी मिळते. तीत मात्र मुख्य प्रक्रिया, चित्रांकन आणि नेटवर्क या बाबी सर्व टॅबांना मिळून एकेकच असतात, आणि नव्या टॅबमुळे वाढतो तो मुख्यतः पान रेखाटणाऱ्या प्रक्रियेचा खर्च. सरकारी पोर्टल, ई-मेल आणि जीएसटीची विवरणपत्रे यांसाठी ब्राउझर तर उघडा ठेवावाच लागतो. तो उघडा असताना त्यातच संदेशाचा एक टॅब वाढविणे आणि शेजारी ब्राउझरची संपूर्ण दुसरी प्रत चालू करणे, यांतील तफावत येथे डोळ्यांनी दिसते. दोन कंपन्यांशी संबंध असलेल्या हिशेबनीसाकडे जेव्हा टीम्स, स्लॅक आणि व्हॉट्सॲप अशी तिन्ही ॲपे असतात, तेव्हा या प्रती एकमेकांशी काहीही वाटून न घेता एकाच रॅमवर हक्क सांगतात.

चार जीबी रॅमच्या संगणकावर याचे पर्यवसान काय होते, हे आपल्या भागातील कोणत्याही सेवा केंद्रात पाहावयास मिळते. विंडोज आणि विषाणूप्रतिबंधक प्रोग्राम यांनी आपला वाटा उचलल्यावर उरलेल्या जागेत टॅली, ब्राउझर आणि संदेशाचे ॲप मावत नाहीत, आणि मग विंडोज रॅममधील मजकूर हार्ड डिस्कवर उतरवून ठेवू लागते. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क सेकंदाला सुमारे शंभरच विखुरलेली वाचने करू शकत असल्यामुळे एका खिडकीतून दुसरीत जाताना डिस्कचा दिवा अखंड पेटलेला राहतो, माउसचा बाण अडखळतो, दाखल्यासाठी आलेला मनुष्य समोर ताटकळत उभा राहतो, आणि 'पीसी हँग झाला' असा निष्कर्ष निघून संगणक बंद करून पुन्हा सुरू केला जातो. दोष संगणकाच्या जुनेपणाला लावला जातो. वस्तुतः त्या संगणकावर त्याच्या कुवतीबाहेरचा भार घालणाराही त्या दोषाचा भागीदार असतो.

कंपन्यांना या तक्रारींची जाणीव नव्हती असे नाही. पूर्वी स्लॅकमध्ये प्रत्येक कार्यस्थळासाठी ॲपची स्वतंत्र प्रक्रिया चालत असे, आणि एखादी व्यक्ती चार संस्थांशी जोडलेली असेल तर चौपट भार येई. जुलै २०१९मध्ये ही रचना मोडून सर्व कार्यस्थळे एकाच प्रक्रियेत आणण्यात आली, आणि मेमरीचा वापर ५० टक्क्यांपर्यंत घटल्याचा व ॲप ३३ टक्के अधिक वेगाने उघडत असल्याचा दावा कंपनीने केला. मायक्रोसॉफ्टने मार्च २०२३मध्ये नव्या टीम्सची पूर्वावृत्ती प्रसिद्ध करताना दुप्पट वेग आणि निम्मी मेमरी असे उद्दिष्ट सांगितले. त्यासाठी इलेक्ट्रॉनचा त्याग करून विंडोजमध्ये आधीच असलेल्या एज ब्राउझरच्या यंत्रावर उभी असलेली वेबव्ह्यू-२ ही व्यवस्था स्वीकारली. याचा अर्थ, जाणीवपूर्वक प्रयत्न केल्यास भार निम्मा करता येतो, याची कबुली खुद्द निर्मात्यांनीच दिली आहे. व्हॉट्सॲपचा प्रवास मात्र उलट दिशेनेही गेला. २०२२मध्ये विंडोजसाठी खास रचलेले, तुलनेने हलके आणि मोबाईल बंद असतानाही चालणारे ॲप आले. ते जुन्या संगणकांवर लोकांना भावले. आणि २०२५च्या अखेरीस त्याच्या जागी पुन्हा वेब आवृत्तीवरच वेबव्ह्यू-२चे आवरण चढविलेले ॲप आणण्यात आले. एकदा साधलेली प्रगती टिकविण्याचे बंधन कोणावरही नसते, हा या घटनेचा बोध आहे.

ब्राउझरची बाजू सर्वस्वी निर्दोष आहे असे मात्र कोणी समजू नये. ब्राउझर काटकसर करतो ती अनेकदा संदेशाच्या तत्परतेवर घाला घालून. मार्च २०१७पासून क्रोम मागे पडलेल्या टॅबांच्या कामावर मर्यादा घालते. जानेवारी २०२१पासून पाच मिनिटांहून अधिक काळ झाकलेल्या टॅबमधील कालबद्ध कामे मिनिटाला एकदाच होऊ देते, आणि डिसेंबर २०२२पासून आलेल्या मेमरी सेव्हरमुळे निष्क्रिय टॅब झोपी जातो. थेट जोडणी चालू असलेल्या टॅबांना काही बाबतींत सवलत असली, तरी झोपी गेलेल्या टॅबकडून निरोपाची अपेक्षा करता येत नाही. गोदामाच्या फलाटावर गाडी उभी असून तिच्या पावतीचा संदेश झोपलेल्या टॅबमध्ये अडकला, तर वाचविलेल्या मेमरीचे समाधान कोणाला होणार? यावर उपाय आहे, आणि तो सर्वांनी करावा असा माझा आग्रह आहे: क्रोमच्या सेटिंगमध्ये परफॉर्मन्स या सदराखाली जी स्थळे नेहमी जागी ठेवावयाची त्यांची यादी असते, त्या यादीत आपल्या संदेशस्थळाचा पत्ता घालावा, आणि सूचनांची परवानगी ब्राउझर व विंडोज या दोन्ही ठिकाणी दिली आहे की नाही याची खातरजमा करावी.

आता रचनेकडे, म्हणजे डिझाइनकडे, वळू. येथे स्वतंत्र ॲपची बाजू बळकट आहे. टास्कबारवरील स्वतंत्र चिन्ह, त्यावर न वाचलेल्या संदेशांचा आकडा, संगणक सुरू होताच आपोआप हजर होणे, आणि वीस टॅबांच्या गर्दीत हरवून न जाणे, हे गुण कामाच्या दृष्टीने खरोखर मोलाचे आहेत. कळांच्या बाबतीतही ब्राउझरमध्ये द्विराज्यपद्धती असते: कंट्रोल आणि एक ही जोडी स्लॅकच्या ॲपमध्ये पहिल्या कार्यस्थळाकडे नेते, पण ब्राउझरमध्ये पहिल्या टॅबकडे, आणि कंट्रोल-डब्ल्यू चुकून दाबले गेले तर संभाषणाचा टॅबच मिटतो. तथापि एकाच संगणकावर पाळीपाळीने तीन माणसे बसतात तेथे हेच ॲप अडचणीचे होते. सकाळच्या पाळीच्या माणसाचे खाते ॲपमध्ये उघडेच राहते, आणि दुपारी आलेला माणूस त्याच्या नावाने निरोप धाडून बसतो. ब्राउझरमध्ये प्रत्येकासाठी निराळे प्रोफाइल करता येते, आणि व्हॉट्सॲपच्या बाबतीत मोबाईलवरील जोडलेल्या उपकरणांच्या यादीतून दूरच्या संगणकावरील प्रवेश केव्हाही रद्द करता येतो. ही यादी आठवड्यातून एकदा तपासणे, सामाईक टेबलावर काम करणाऱ्या प्रत्येकाने आपले कर्तव्य मानावे.

मराठी मजकुराच्या मांडणीकडे या विषयावरील लेखनात सहसा कोणाचे लक्ष जात नाही, पण आपल्या दृष्टीने ती गौण नव्हे. इलेक्ट्रॉनच्या ॲपांत आणि क्रोममध्ये अक्षरे जुळविणारे यंत्र एकच असल्यामुळे 'शेतकऱ्यांची' या शब्दातील अर्धा र दोन्हीकडे सारखाच उमटतो. परंतु मराठी वळणाचे ल आणि श उमटावेत यासाठी दोन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात: फाँटमध्ये ती रूपे असावीत, आणि पानाने आपली भाषा मराठी असल्याचे संगणकाला सांगितलेले असावे. संदेशयंत्रांचा चेहरा बहुधा इंग्रजी ठेवलेला असल्यामुळे पानाची भाषाही इंग्रजीच नोंदविलेली असते, आणि आपला मजकूर हिंदी वळणाच्या ल-श मध्ये दिसतो. राज्य शासनाने २००९मध्ये मराठी वर्णमालेविषयी निर्णय काढून अक्षरांची रूपे ठरवून दिली. ती रूपे शासनाच्याच कर्मचाऱ्यांच्या रोजच्या संदेशांत दिसू नयेत, ही खेदाची गोष्ट आहे. प्रत्येक संदेशाची भाषा ओळखून तशी नोंद करणे निर्मात्यांना कठीण नाही. तोवर थोडी मोकळीक मिळते ती मुख्यतः ब्राउझरमध्ये: फायरफॉक्समध्ये देवनागरीसाठी स्वतंत्र फाँट निवडता येतो, आणि अक्षर लहान वाटल्यास कोणत्याही ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि अधिक या कळांनी ते मोठे करता येते.

सुरक्षिततेच्या बाबतीत निवाडा एकतर्फी होत नाही. ब्राउझर स्वतःला वारंवार अद्ययावत करतो; ॲपच्या पोटातील क्रोमियम मात्र ॲपच्या निर्मात्याने नवी आवृत्ती काढेपर्यंत जुनेच राहते. उलटपक्षी, स्वाक्षरी केलेले ॲप एकदा उतरवून घेतले की त्याचा प्रोग्राम सर्वांसाठी सारखा असल्याची काही खात्री असते. वेबचे पान मात्र दर वेळी सर्व्हरवरून येते, आणि त्यात कोणी फेरफार केला तर वापरणाऱ्यास कळणे कठीण. ही उणीव भरून काढण्यासाठीच २०२२मध्ये व्हॉट्सॲप वेबसाठी 'कोड व्हेरिफाय' हे ब्राउझरचे पूरक साधन काढण्यात आले. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असून अनेक जुने संगणक विंडोज ११च्या अटींत बसत नाहीत. अशा संगणकांवर निदान ब्राउझर तरी अद्ययावत राहील याची काळजी घेतलीच पाहिजे.

या दोन टोकांच्या दरम्यान आणखी दोन मार्ग आहेत. पहिला, ब्राउझरविना थेट संगणकासाठी लिहिलेल्या ॲपचा. टेलिग्रामचे संगणकासाठीचे ॲप सी प्लस प्लसमध्ये, क्यूटी या चौकटीवर रचलेले आहे आणि ते तिन्ही प्रणालींवर चालते. म्हणजे अनेक प्रणालींना पोहोचण्यासाठी प्रत्येक ॲपाने ब्राउझर पोटात बाळगलाच पाहिजे, हा युक्तिवाद अपुरा आहे. दुसरा मार्ग अधिक सुलभ आणि आजच हाताशी असलेला: क्रोम किंवा एजमध्ये संदेशस्थळ उघडून मेनूतून ते ॲप म्हणून बसवून घेणे. त्याला स्वतंत्र खिडकी आणि टास्कबारवर चिन्ह मिळते, पण आतील यंत्र चालू ब्राउझरचेच राहते, त्यामुळे दुसऱ्या प्रतीचा भार वाचतो. २०२२च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने लिनक्सवरील आपले स्वतंत्र टीम्स ॲप बंद करून याच पद्धतीचे ॲप पुढे केले, यावरून हा मार्ग केवळ तडजोडीचा नाही हे दिसून येते.

या सर्व विवेचनातून मी ज्या निर्णयाप्रत आलो तो असा. रॅम चार जीबी असेल तर संदेशस्थळ ब्राउझरमध्येच, आणि शक्यतो ॲप म्हणून बसवून घेऊन वापरावे. एकाच सेवेची दोन्ही रूपे एकाच वेळी कधीही चालू ठेवू नयेत. आणि नवा संगणक घेण्याआधी जुन्यात फिरत्या तबकडीऐवजी एसएसडी बसवून पाहावी, कारण अडखळण्याचे मूळ बहुधा त्या तबकडीत असते. रॅम आठ जीबी किंवा अधिक असेल आणि दिवसभर बैठका व कॉल असतील, तर ज्या एका सेवेवर नोकरी अवलंबून आहे तिचेच स्वतंत्र ॲप ठेवावे व बाकीच्या सेवा ब्राउझरकडे सोपवाव्यात. सामाईक टेबलावर मात्र ब्राउझर आणि प्रत्येकाचे निराळे प्रोफाइल, यास पर्याय नाही.

परंतु सारी दक्षता वापरणाऱ्यानेच घ्यावी, हा न्याय नव्हे. तानसा आणि भातसा ही धरणे ज्या तालुक्यात आहेत तेथील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर यावा, धरण उशाला आणि कोरड घशाला, हे विषम वाटप शहापूरने पिढ्यान्‌पिढ्या अनुभवले आहे. लाभ एकीकडे आणि भार दुसरीकडे, हे ओळखण्यासाठी आपल्याला निराळे शिक्षण नको. तीन पथकांऐवजी एका पथकात काम भागवून कंपनीने जो खर्च वाचविला, तो नाहीसा झाला नाही. तो रॅमच्या, विजेच्या आणि खोळंबलेल्या वेळेच्या रूपाने लक्षावधी लहान कचेऱ्यांवर वाटला गेला, आणि त्याचे बिल कोणी पाठवीत नसल्यामुळे त्याची नोंद कोणत्याच ताळेबंदात होत नाही.

ही नोंद व्हावी अशी तजवीज करणे खरेदी करणाऱ्यांच्या हाती आहे. जिल्हा परिषद, तहसील कचेरी, शिक्षणसंस्था किंवा गोदामाचा मालक जेव्हा एखादी संदेशसेवा आपल्या माणसांवर बंधनकारक करतो, तेव्हा त्याने दरपत्रकाबरोबर तीन गोष्टी लेखी मागाव्यात: चार जीबी रॅमच्या, साध्या हार्ड डिस्कच्या संगणकावर ही सेवा दिवसभर चालविल्यास किती मेमरी लागते, ब्राउझरमध्ये तिचे कोणते काम होत नाही, आणि मराठी मजकूर मराठी रूपांत दिसतो की नाही. निम्मा भार आणि दुप्पट वेग असे दावे जाहिरातीत करणाऱ्यांना ते आपल्या गावातील संगणकावर सिद्ध करून दाखविण्यास सांगणे हा ग्राहकाचा हक्क आहे. तो हक्क आपण बजावला, तर ॲप की ब्राउझर हा प्रश्न शाळेच्या मुख्याध्यापकाला आणि पाळीवरच्या कारकुनाला स्वतःच्या बळावर सोडवीत बसावे लागणार नाही.